औषध नसलेला आजार : पाळीव आणि शोभेच्या माशांतील विषाणूजन्य रोग

बाहेरून आणलेली चोणकाची बोटुकली तळ्यात किंवा पिंजऱ्यात सोडली जातात. पहिले काही दिवस ती नीट खातात. मग एखाद्या सकाळी त्यांतील काही काळवंडलेली दिसतात, पाण्यात गिरक्या घेतात, पोट वर करून तरंगतात आणि जाळीचा स्पर्श होताच दचकून पुन्हा पोहू लागतात. दुसऱ्या दिवशी मेलेली पिल्ले हाती येतात, तिसऱ्या दिवशी त्यांची संख्या वाढते. घाबरलेला मत्स्यशेतकरी प्रतिजैविक आणून खाद्यात मिसळतो. मासे मरतच राहतात आणि औषधाचा खर्च तेवढा पदरी पडतो. रोग जिवाणूंचा नसून विषाणूंचा असेल, तर याहून वेगळे काही घडणे शक्य नसते. माशांच्या विषाणूजन्य रोगांवर मत्स्यशेतीत वापरता येईल असे औषध आज उपलब्ध नाही.

घरातील काचेच्या टाकीत पाळलेल्या गोल्डफिश किंवा कोई माशांचीही हीच स्थिती आहे. शोभेचे मासे आणि खाण्याचे मासे हे दोन वेगळे व्यवसाय मानले जातात, परंतु विषाणूंना हा भेद ठाऊक नाही. गेल्या तीन-चार दशकांत जगभर जे मोठे प्रादुर्भाव झाले, त्यांतील काहींचा माग शोभेच्या माशांच्या व्यापारापर्यंत पोहोचतो. म्हणून मत्स्यशेतकरी, शोभिवंत माशांचा विक्रेता आणि घरी टाकी ठेवणारा हौशी माणूस या तिघांनाही या रोगांची जुजबी तरी ओळख असणे आवश्यक आहे.

विषाणू, मासा आणि पाण्याचे तापमान

जिवाणू हा स्वतंत्र सजीव आहे. त्याला स्वतःचे पेशीआवरण असते आणि प्रथिने तयार करण्याची यंत्रणा असते. प्रतिजैविके याच गोष्टींवर आघात करतात. विषाणूपाशी यांपैकी काहीच नसते. तो माशाच्या पेशीत शिरतो, तिचीच यंत्रणा वापरून आपल्या प्रती काढतो आणि पेशी नष्ट करून बाहेर पडतो. प्रतिजैविकाला आघात करण्यासाठी तेथे लक्ष्यच उरत नाही. विषाणूने दुर्बळ झालेल्या माशाला पाठोपाठ जिवाणूंचा संसर्ग होतो आणि तेवढ्यापुरता औषधाचा गुण आल्यासारखा भासतो. मूळ रोग मात्र कायम असतो.

मासा हा शीतरक्ताचा प्राणी असल्याने त्याच्या शरीराचे तापमान पाण्याबरोबर बदलते. प्रत्येक विषाणूची तापमानाची एक ठराविक मर्यादा असते, तिच्या आत तो झपाट्याने वाढतो आणि बाहेर निष्प्रभ होतो. युरोप आणि उत्तर अमेरिकेत ट्राउट व सॅमन या माशांचा संहार करणारे काही कुप्रसिद्ध विषाणू पंधरा अंशांखालील थंड पाण्यात जोर धरतात. गोव्याच्या खाड्यांतील कोमट पाण्यात त्यांना थारा मिळणे अवघड आहे. परंतु ज्या विषाणूंना पंचवीस ते बत्तीस अंशांचे पाणी मानवते, त्यांच्यासाठी हाच किनारा वर्षातील बराच काळ अनुकूल असतो. कोणत्या रोगाची भीती कोठे आणि कोणत्या ऋतूत बाळगावी, हे तापमानावरून बरेचसे ठरते.

संसर्गाचे मार्ग अनेक आहेत. रोगी मासा विष्ठा, मूत्र आणि त्वचेवरील श्लेष्म यांतून विषाणू पाण्यात सोडतो आणि निरोगी मासा कल्ल्यांवाटे व त्वचेवाटे तो ग्रहण करतो. जाळी, बादल्या, वाहतुकीचे पाणी, कामगारांचे हातपाय, मेलेले मासे उचलून नेणारे पक्षी आणि खाद्य म्हणून टाकलेली कच्ची मासळी ही सर्व रोगाची वाहने ठरतात. काही विषाणू प्रजनक मादीकडून अंड्यांवाटे थेट पुढच्या पिढीत जातात. याहून फसवी बाब म्हणजे रोगातून वाचलेला मासा. तो दिसण्यात धडधाकट असतो, परंतु विषाणू शरीरात बाळगून असतो आणि ताण पडताच तो पुन्हा पाण्यात सोडू लागतो.

चोणकाच्या पिल्लांचा वैरी

गोव्यात चोणक आणि कोकणात जिताडा या नावाने ओळखला जाणारा मासा निमखाऱ्या पाण्यातील संवर्धनासाठी मोलाचा मानला जातो. खाऱ्या, निमखाऱ्या आणि गोड्या अशा तिन्ही पाण्यांत तो तग धरतो, वेगाने वाढतो आणि बाजारात त्याला चांगला भाव मिळतो. चेन्नई येथील केंद्रीय निमखारे जलसंवर्धन संस्थेने, म्हणजेच ‘सीबा’ने, १९९७ साली बंदिस्त अवस्थेत त्याचे प्रजनन भारतात प्रथम यशस्वी केले. तेव्हापासून खाडीतून पकडलेल्या पिल्लांऐवजी मत्स्यबीज केंद्रातील पिल्ले वापरणे शक्य झाले. त्याबरोबरच बीजकेंद्राचे आरोग्य हा साऱ्या व्यवसायाचा पाया बनला.

या पिल्लांचा सर्वांत घातक रोग ‘व्हायरल नर्व्हस नेक्रोसिस’ किंवा संक्षेपाने ‘व्हीएनएन’ या नावाने ओळखला जातो. नावाप्रमाणे तो मज्जासंस्थेतील पेशींचा नाश करतो. बीटानोडाव्हायरस हा त्याचा कारक विषाणू अत्यंत लहान असून तो मेंदू आणि डोळ्याच्या पडद्यावर हल्ला करतो. सूक्ष्मदर्शकाखाली या अवयवांत पोकळ्या पडलेल्या दिसतात. माशाचा तोल जाणे, गिरक्या घेणे, रंग काळवंडणे, भूक मंदावणे आणि हवेची पिशवी फुगल्याने पाण्यावर तरंगणे ही लक्षणे या नाशातूनच उद्भवतात. अंड्यातून बाहेर आलेल्या कोवळ्या पिल्लांत मृत्यूचे प्रमाण शंभर टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. मोठे मासे बहुधा बचावतात, परंतु वाहक बनतात.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलिया आणि जपान येथील बीजकेंद्रांत हा रोग प्रथम लक्षात आला. आज शंभराहून अधिक जातींच्या माशांत त्याची नोंद आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात भारतीय चोणकातही तो आढळल्याचे शास्त्रीय अहवाल प्रसिद्ध झाले. या विषाणूला बाह्य आवरण नसते, त्यामुळे तो चिवट असतो आणि समुद्राच्या पाण्यात दीर्घकाळ टिकतो. गोठवलेल्या मासळीतही तो जिवंत राहू शकतो. पिंजऱ्यातील चोणकाला तारलीसारखी कच्ची मासळी खाऊ घालण्याची पद्धत यामुळेच जोखमीची ठरते. कोरडे, कारखान्यात उष्णता देऊन तयार केलेले खाद्य महाग वाटले, तरी ते विषाणू आत आणत नाही.

यावर बीजकेंद्राच्या पातळीवर दोन उपाय प्रचलित आहेत. एक म्हणजे प्रजनक माशांची नियमित तपासणी करून बाधित मासे वेगळे काढणे आणि दुसरा म्हणजे ओझोनयुक्त पाण्याने अंडी धुऊन घेणे. त्यात आता लसीची भर पडली आहे. ‘सीबा’ने या रोगासाठी ‘सीबा-नोडाव्हॅक-आर’ ही देशी बनावटीची लस विकसित केली आहे. लस ही आधीपासून घ्यायची काळजी आहे, रोग आल्यानंतर तिचा उपयोग नाही. शिवाय अगदी कोवळ्या अळीअवस्थेतील पिल्लांना टोचणी देता येत नाही. म्हणून प्रजनक माशांची तपासणी हाच पहिला बचाव राहतो.

बंगालचा मासा आणि ऑस्ट्रेलियाची नदी

१९९० साली जपानच्या शिकोकू बेटाजवळ पाळलेल्या रेड सी ब्रीम या माशांत एका नव्या रोगाने मोठी मरतूक झाली. मासे मलूल होत, कल्ले फिके पडत आणि प्लीहा सुजून मोठी होई. कारण ठरलेला विषाणू इरिडोव्हायरस कुळातील होता आणि मूळ माशाचेच नाव त्याला मिळाले. चीनमधील गोड्या पाण्याच्या माशांत आढळलेला, प्लीहा व मूत्रपिंड नासवणारा विषाणू याच जातीचा जवळचा प्रकार मानला जातो. या गटाला उबदार पाणी मानवते आणि यजमानांबाबत तो निवडक नाही. समुद्री मासे, नदीतील मासे आणि काचेच्या टाकीतील मासे अशा सर्वांना तो बाधतो.

या रोगाने दोन व्यवसायांमधील भिंत किती पातळ आहे हे दाखवून दिले. बुटका गौरामी हा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातील इवलासा, निळ्या-तांबड्या पट्ट्यांचा मासा आहे. आग्नेय आशियात त्याची मोठ्या प्रमाणावर पैदास होते आणि तेथून तो जगभरच्या टाक्यांत जातो. २००३ साली ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात पाळलेल्या मरे कॉड या स्थानिक माशांत मोठी मरतूक झाली. संशोधकांनी त्या विषाणूची जनुकीय तुलना केली, तेव्हा तो आयात केलेल्या गौरामींतील विषाणूशी जवळजवळ तंतोतंत जुळला. टाकीतील शोभेच्या माशाचा विषाणू दुसऱ्या खंडातील, दुसऱ्या कुळातील, खाण्याच्या माशापर्यंत पोहोचला होता. पुढे २०१६ पासून ऑस्ट्रेलियाने गौरामीसारख्या जोखमीच्या माशांच्या आयातीसाठी या विषाणूंची चाचणी सक्तीची केली.

हा धोका दूरचा नाही. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर खाडीतील उघड्या पिंजऱ्यांत वाढवलेल्या चोणकात याच इरिडोव्हायरसचा प्रादुर्भाव झाल्याची पहिली नोंद २०२० साली प्रसिद्ध झाली. व्हीएनएन मुख्यतः पिल्लांना मारतो, तर हा रोग वाढत्या, विक्रीला आलेल्या माशांनाही गाठू शकतो. कित्येक महिन्यांचे खाद्य आणि श्रम खर्ची पडल्यावर आलेला हा तोटा लहान संवर्धकाला पेलणारा नसतो. जपानमध्ये या रोगावरील लस वापरात आहे.

तिलापियाचा सरोवर-विषाणू

इस्रायलमधील गॅलिली सरोवरात २००९ च्या सुमारास तिलापिया मासे मोठ्या प्रमाणावर घटू लागले. कारण असलेल्या नव्या विषाणूचे वर्णन २०१४ साली प्रसिद्ध झाले आणि सरोवरावरून त्याला ‘तिलापिया लेक व्हायरस’ हे नाव मिळाले. डोळे गढूळ होणे, कातडीवर व्रण पडणे, खवले सुटणे आणि मासे खाणे सोडून पृष्ठभागाशी सुस्त पडून राहणे ही त्याची चिन्हे होत. इक्वेडोर, थायलंड, इजिप्त अशा दूरदूरच्या देशांतून त्याच्या बातम्या आल्या. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने मे २०१७ मध्ये विशेष सावधगिरीचा इशारा दिला. भारतात पश्चिम बंगाल आणि केरळ येथील तळ्यांत हा विषाणू आढळल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झाले. तेथील काही तळ्यांत ८५ टक्क्यांहून अधिक मासे दगावले होते. पुढे जागतिक पशुआरोग्य संघटनेनेही अधिसूचित रोगांच्या यादीत त्याचा समावेश केला.

तिलापिया हा स्वस्त प्रथिनांचा मोठा स्रोत असल्याने या रोगाचा फटका गरीब देशांना अधिक बसतो. भारतात त्याच्या सुधारित वाणाचे संवर्धन परवान्यानेच करावयाचे असते. परंतु १९५२ साली आणलेला मोझांबिक तिलापिया देशातील कित्येक तळ्यांत आणि नद्यांत पूर्वीच पसरलेला आहे. पाळलेल्या तळ्यातील बाधित पाणी नाल्यात सोडले, तर या मोकळ्या माशांत विषाणूला कायमचे घर मिळू शकते.

कोई, कार्प आणि गोल्डफिश

जपानी बागांतील रंगीबेरंगी कोई आणि खाण्यासाठी पाळला जाणारा साधा कार्प, ज्याला येथील शेतकरी ‘सायप्रिनस’ म्हणतात, हे मुळात एकाच जातीचे मासे आहेत. त्यामुळे एकाचा रोग दुसऱ्याला सहज लागतो. १९९८ च्या सुमारास इस्रायल आणि अमेरिकेत ‘कोई हर्पीस व्हायरस’ उघड झाला. कल्ल्यांवर पांढरे-तपकिरी कुजके चट्टे, खोल गेलेले डोळे, ठिकठिकाणी फिकी पडलेली त्वचा आणि लक्षणे दिसल्यावर अल्पावधीत मृत्यू, असा त्याचा क्रम असतो. पाणी १८ ते २८ अंश असताना तो उग्र रूप घेतो.

२००२ साली इंडोनेशियात बाहेरून आणलेल्या कोई माशांमार्फत तो शिरला आणि खाण्याच्या कार्पांच्या तळ्यांत व जलाशयांतील पिंजऱ्यांत पसरला. २००३ साली जपानच्या कासुमिगाउरा सरोवरात पिंजऱ्यांतील हजार टनांहून अधिक कार्प मेले, तर पुढच्याच वर्षी बिवा सरोवरात लाखाहून अधिक मोकळे कार्प दगावले. पाणी तीस अंशांपर्यंत तापवले तर मृत्यू कमी होतात, हे खरे. परंतु वाचलेले कोई विषाणू बाळगून राहतात आणि हर्पीस कुळाचा हा स्वभावच आहे. ‘बरा झालेला’ कोई विकणे म्हणजे रोग दुसऱ्याच्या तळ्यात पाठवणे होय.

कोई माशांचा आणखी एक विषाणूजन्य रोग ‘झोपेचा रोग’ म्हणून ओळखला जातो. जपानमध्ये सत्तरच्या दशकापासून तो माहीत आहे. मासे तळाशी कुशीवर पडून राहतात, हलवल्यास थोडे पोहतात आणि पुन्हा पडतात. कल्ले सुजल्याने त्यांची घुसमट होते. येथे एक अपवादात्मक दिलासा आहे. लिटरमागे पाच ग्रॅम या प्रमाणात मीठ घातलेल्या पाण्यात ठेवल्यास मृत्यू पुष्कळ घटतात. मीठ विषाणूला मारत नाही, तर कल्ले निकामी झालेल्या माशाच्या शरीरातील क्षारांचा तोल सावरते आणि त्याला स्वतःच्या प्रतिकारशक्तीने उभे राहण्यास अवधी देते.

गोल्डफिशचा स्वतंत्र हर्पीस विषाणू १९९२ साली जपानमध्ये आढळला. रक्त तयार करणाऱ्या मूत्रपिंडाच्या भागावर तो हल्ला करतो. त्यामुळे कल्ले पांढुरके पडतात आणि बाहेरून फारशी जखम न दिसता मासे मरतात. कोईचा झोपेचा रोग आणि गोल्डफिशचा हा रोग, या दोहोंच्या भारतातील नोंदी २०१६ साली प्रसिद्ध झाल्या आहेत.

सर्वच विषाणू मारक नसतात. पंख आणि त्वचेवर फुलकोबीच्या तुऱ्यासारख्या पांढुरक्या गाठी आणणारा ‘लिम्फोसिस्टिस’ हा माशांतील फार जुन्या काळापासून परिचित असलेला विषाणूजन्य रोग आहे. त्यात एकेक पेशी इतकी फुगते की ती नुसत्या डोळ्यांनी दिसते. पाणी स्वच्छ ठेवले आणि मासा वेगळा काढला, तर बहुतेक वेळा काही आठवड्यांत गाठी आपोआप गळून पडतात. या गाठी कापणे किंवा त्यांवर रसायने लावणे हितावह नसते.

रोग की गुदमरणे?

मासे मरू लागले की प्रत्येक वेळी विषाणूच दोषी असतो असे नाही. प्राणवायू कमी पडल्याने होणारी मरतूक बहुधा पहाटे होते. सर्व जातींचे मासे एकाच वेळी पृष्ठभागावर तोंड उघडून श्वास घेऊ लागतात, मोठे मासे आधी मरतात आणि हवा खेळवताच उरलेले सावरतात. विषारी द्रव्य मिसळले असेल, तर मासे आणि इतर जलचर काही तासांतच मरतात. विषाणूची चाल वेगळी असते. तो बहुधा एकाच जातीच्या, एकाच वयाच्या माशांना गाठतो, मृत्यू दिवसागणिक वाढत जातात आणि मागे वळून पाहिल्यास एक-दोन आठवड्यांपूर्वी नवे मासे आणल्याचे आठवते. पाणी बदलून किंवा औषध देऊनही मरतूक थांबत नाही, ही आणखी एक खूण होय.

अंगावरील प्रत्येक जखमही विषाणूची नसते. १९८८ साली बांगलादेशच्या बाजूने ईशान्य भारतात शिरलेल्या आणि पुढे देशभर पसरलेल्या व्रणरोगाचे कारण बराच काळ विषाणू असल्याचा संशय होता. अखेर ते बुरशीसदृश जीव असल्याचे सिद्ध झाले. म्हणून केवळ डोळ्यांनी पाहून केलेले निदान अपुरे असते. खात्रीसाठी पीसीआर चाचणी आणि ऊतींची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी लागते.

या तपासणीचे यश नमुन्यावर अवलंबून असते. गोव्याच्या उष्म्यात मेलेला मासा काही तासांतच कुजतो आणि त्यातून काहीही निष्पन्न होत नाही. लक्षणे दाखवणारे, अद्याप जिवंत असलेले मासे बर्फात ठेवून तातडीने प्रयोगशाळेकडे नेणे उत्तम. ते शक्य नसेल तर काही मासे शुद्ध अल्कोहोलमध्ये आणि काही दहा टक्के फॉर्मेलिनमध्ये वेगवेगळे जतन करावेत. पहिला नमुना जनुकीय चाचणीसाठी व दुसरा सूक्ष्मदर्शकासाठी उपयोगी पडतो. मासे कोठून आणले, केव्हा आणले, रोज किती मेले आणि पाण्याचे तापमान व क्षारता किती होती, याची टिपण सोबत असावी.

दारावरचा पहारा

येथील शेतकऱ्यांना विषाणूंची पहिली जबर ओळख माशांनी नव्हे, तर कोळंबीने करून दिली. १९९४-९५ मध्ये पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूने भारतीय किनाऱ्यावरील कोळंबी संवर्धनाचे कंबरडे मोडले. त्या अनुभवानंतर २००९ साली परदेशी व्हॅनामी कोळंबीला परवानगी देताना प्रजनक कोळंबी रोगमुक्त असणे आणि चेन्नई येथील जलचर विलगीकरण केंद्रातून जाणे बंधनकारक करण्यात आले. माशांच्या बाबतीतही हाच धडा लागू पडतो. उपचार नाही, तेव्हा प्रवेशद्वारावरच निर्णय घ्यावा लागतो.

मत्स्यशेतकऱ्याने बोटुकली घेताना तपासणीचा अहवाल मागावा, केवळ स्वस्ताईवर भुलू नये. एका तळ्यात शक्यतो एकाच ठिकाणचे, एकाच वयाचे बीज सोडावे. नव्या पिल्लांना मुख्य तळ्यापासून दूर, वेगळ्या टाकीत काही आठवडे ठेवून निरीक्षण करावे. प्रत्येक तळ्याची जाळी आणि बादल्या वेगळ्या असाव्यात, त्या क्लोरीनच्या द्रावणात बुडवून कडक उन्हात वाळवाव्यात. दोन पिकांच्या मधे तळे पूर्ण सुकवून चुना मारावा. पिंजऱ्यांत दाटी टाळावी. पावसाळ्यात नदीचा लोंढा येऊन खाडीतील पाण्याची क्षारता एकाएकी घसरते, त्या काळात मासे आधीच ताणाखाली असतात. अशा वेळी त्यांची वर्गवारी, स्थलांतर आणि विनाकारण हाताळणी करू नये.

शोभेचे मासे पाळणाऱ्यासाठी नियम याहून सोपे आहेत. नवा मासा थेट जुन्या टाकीत सोडू नये, तीन ते चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा. पिशवीतील पाणी टाकीत ओतू नये. दोन्ही टाक्यांसाठी एकच जाळी वापरू नये. आणि कंटाळा आला म्हणून किंवा मासा आजारी पडला म्हणून तो विहिरीत, तळ्यात किंवा ओहोळात सोडू नये. दया म्हणून केलेली ही कृती एखाद्या नदीतील मूळच्या माशांच्या जिवावर उठू शकते.

रोग आलाच, तर घबराटीत केलेल्या गोष्टी अधिक नुकसान करतात. बाधित तळ्याचे पाणी मानशीतून किंवा नाल्यातून बाहेर सोडू नये, आधी त्यात क्लोरीन घालून ते निर्जंतुक करावे. मेलेले मासे रोज काढून, पाण्यापासून दूर खड्ड्यात चुना टाकून पुरावेत, खाडीत भिरकावू नयेत. खाद्य कमी करावे, हवा खेळवावी. उरलेले जिवंत मासे दुसऱ्या शेतकऱ्याला विकू नयेत. क्लोरॅमफेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातील प्रतिजैविकांच्या मत्स्यसंवर्धनातील वापरास भारतात बंदी आहे आणि विषाणूवर त्यांचा उपयोगही नाही. उलट त्यांचे अंश माशांत उरतात आणि औषधांना न जुमानणारे जिवाणू निपजतात.

शेजाऱ्याचे पाणी

एकट्याने घेतलेली काळजी पुरेशी नसते, याचे मोठे उदाहरण दक्षिण अमेरिकेतील चिलीने दिले. नॉर्वेत १९८४ साली प्रथम आढळलेला सॅमन माशांचा रक्तक्षयकारक विषाणू २००७ साली चिलीच्या पिंजऱ्यांत उघड झाला. तेथे पिंजरे दाटीने आणि एकमेकांच्या अगदी निकट उभारलेले होते. काही वर्षांतच अटलांटिक सॅमनचे उत्पादन निम्म्याहूनही खाली आले आणि हजारो कामगार बेकार झाले. तो विषाणू थंड पाण्याचा असल्याने या किनाऱ्यावर येण्याची भीती नाही. मात्र नंतर चिलीने केलेल्या सुधारणा येथेही उपयुक्त आहेत. एका परिसरातील सर्व संवर्धकांनी एकाच वेळी बीज सोडणे, एकाच वेळी पीक काढणे आणि मधला काळ सर्व पिंजरे रिकामे ठेवणे, ही पद्धत तेथे रुजवण्यात आली.

गोव्यातील खाजन शेती शतकानुशतके अशाच सामूहिक शिस्तीवर उभी आहे. बांध, मानस आणि भरती-ओहोटीचे पाणी हे एकट्याच्या मालकीचे नसून गावाने सांभाळायचे असते, ही जाणीव तेथे पूर्वापार आहे. खाडीतील पिंजरे आणि निमखारी तळी यांनाही तीच रीत लागू करता येण्याजोगी आहे, कारण एकाच्या पिंजऱ्यातून गेलेले पाणी पुढच्या भरतीला दुसऱ्याच्या पिंजऱ्यात शिरते.

देशपातळीवर जलचर रोगांवरील राष्ट्रीय निगराणी कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. लखनौ येथील राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरो त्याचे समन्वयन करतो. शेतकऱ्याला मोबाइलवरून माहिती देता यावी म्हणून ‘रिपोर्ट फिश डिसीज’ हे अ‍ॅप जून २०२३ मध्ये सुरू झाले. त्यावरून किंवा राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याकडे रोगाची वर्दी देता येते. बदनामीच्या भीतीने मरतूक लपवण्याकडे कल असतो, परंतु लपवलेला रोग शेजारच्या तळ्यात उघड होतोच आणि तोवर उपायाची वेळ निघून गेलेली असते.

खाणाऱ्याला धोका आहे काय?

वर वर्णिलेले कोणतेही विषाणू माणसाला बाधत नाहीत. ते माशांच्या पेशींशी आणि पाण्याच्या तापमानाशी जुळवून घेतलेले असतात. माणसाचे ३७ अंशांचे शरीर त्यांच्या वाढीस योग्य नसते. आजारी किंवा आपोआप मेलेला मासा न खाणे ही साधी स्वच्छतेची बाब आहे, कारण अशा माशात इतर जिवाणू वाढलेले असू शकतात. परंतु एखाद्या तळ्यात विषाणू आढळला म्हणून ताजी, निरोगी मासळी टाळण्याचे कारण नाही. २०१८ साली फॉर्मेलिनच्या संशयाने गोव्याचा मासळीबाजार कसा हादरला होता, हे सर्वांच्या स्मरणात आहे. अर्धवट माहितीतून उठलेली आवई विक्रेत्या महिलांचे आणि संवर्धकांचे किती नुकसान करते, हे तेव्हा दिसून आले. माशांच्या विषाणूंबाबत अशी आवई उठू न देणे हेही या रोगांच्या नियंत्रणाचाच एक भाग आहे, कारण बाजार पडण्याची भीती नसेल तरच संवर्धक रोगाची वर्दी वेळेवर देईल.